तोफेचे कान

तोफेला बहिरा म्हणायची हिंमत त्या रस्त्यावर कुणातच नव्हती. म्हणजे तोंडावर नव्हती. पाठीमागे सगळेच म्हणायचे, कारण पाठीमागचं तोफेला ऐकू यायचं नाही.

तोफ म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचे मालक. घरात आणि दुकानात ते अप्पा, तोफ हे रस्त्यानं ठेवलेलं नाव. अप्पांनी नुसतं "या, बसा" म्हटलं तरी समोरच्या चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक उठून उभं राहायचं. आवाज मोठा, मिशा मोठ्या आणि राग त्याहून मोठा. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत, आणि बसलीच तर तिची हजामत करून सोडतील, असं शेजारचा शिंपी म्हणायचा.

दुकान तसं लहान. दोन खुर्च्या, पहिली अप्पांची आणि दुसरी लेकीची. समोर भिंतभर आरसा, मागे वाट बघणाऱ्यांचं बाकडं, कोपऱ्यात टॉवेल वाफवायचा डबा. आरशाशेजारी खिळ्याला वस्तऱ्याला धार लावायचा एक चामड्याचा पट्टा लटकत असायचा. पातं बदलायचे वस्तरे आले तेव्हापासून त्या पट्ट्याला काही काम उरलं नव्हतं, पण तो काढून टाका म्हणायची कुणाची छाती नव्हती. तो मामांचा पट्टा होता.

मामांनीच अप्पांना हे काम शिकवलं. फुगवलेल्या फुग्यावर साबणाचा फेस थापायचा आणि वस्तऱ्यानं तो उतरवायचा. फुगा फुटला की डोक्यात टपली. असे कितीतरी फुगे आणि कितीतरी टपल्या झाल्यावर मामांनी पहिल्यांदा माणसाचा गाल हाताखाली दिला, तो स्वतःचा. मामांचे नियम फार नव्हते, पण जे होते ते दगडावरची रेघ. एक म्हणजे वस्तरा बोलतो, तो ऐकायचा. नीट चालला की बारीक चुरचुरतो, पातं उभं झालं की खरवडतो, फेस वाळला की करकरतो आणि हात उचलला की गप्प होतो. डोळ्याला कळायच्या आधी कानाला कळतं, असं मामा म्हणायचे. दुसरा नियम, कुठलंही हत्यार फुंकर मारल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. कात्री असो, कंगवा असो, नंतर आलेलं केस कापायचं मशीन असो, गिऱ्हाईक उठलं की फू! केसाचा एक तुकडा राहिला तरी मामांची टपली ठरलेली. मामा गेले, टपली गेली, फुंकर मात्र अप्पांच्या तोंडात राहिली.

लेकीची गोष्ट निराळी. ती एका कार्यालयात नोकरीला होती. एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "अप्पा, तुमची दुसरी खुर्ची रिकामीच असते ना?" अप्पांनी त्याच दिवशी फुगे आणले. रस्ता हसला. पोरीकडून कोण दाढी करून घेणार, म्हणाला. अप्पा दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि तोफ डागली, "ज्याला लाज वाटते त्यानं दाढी वाढवावी! साधू म्हणून तरी खपेल!" काही जणांनी खरंच दाढ्या वाढवल्या. पण दाढीला खाज सुटते आणि गर्वाला सुटत नाही, त्यामुळे एकेक करून सगळे दुसऱ्या खुर्चीवर येऊन बसले. अप्पांनी लेकीला सगळं शिकवलं ते तिच्या हाताकडे बघून, कारण तोवर त्यांचे कान गेलेले होते.

कान जाताना सांगून जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात. वस्तऱ्याची चुरचुर कधी थांबली ते अप्पांना कळलंही नाही. हाताला सवय होती, काम चालत राहिलं. मग लोक पुटपुटायला लागले, असं अप्पांना वाटायला लागलं. सगळं गाव पुटपुटतं आणि आपण एकटेच स्वच्छ बोलतो, अशी त्यांची खात्रीच झाली. शेवटी बायकोनं तोंड उघडलं. "तुमच्याशी बोलायचं म्हणजे घरातलं सगळं गल्लीला सांगायचं. मी आता बोलणारच नाही." आणि ती खरंच बोलेना. मनात आणलं तर ती तोफेला पुरून उरणारी होती. तिच्या त्या गप्प बसण्यापुढे अप्पा हरले आणि लेकीबरोबर कान तपासणाऱ्या बाईंकडे गेले.

कानांच्या बाईंनी तपासलं आणि दोन्ही कानांमागे दोन तपकिरी यंत्रं बसवून दिली. अप्पांनी त्यांचं नाव झुरळं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरकुरतच ते दुकानात आले, पहिल्या गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावला आणि वस्तरा टेकवला. चुरचुर, चुरचुर. अप्पांचा हात थांबला. वस्तरा बोलत होता. इतक्या वर्षांनी मामा येऊन शेजारी उभे राहिल्यासारखं त्यांना वाटलं. डोळे भरून आले, तर ते साबणावर खेकसले, "कसला तिखट साबण आणलाय कुणी!" साबण त्यांनीच आणलेला होता.

चार-दोन महिने मजेत गेले आणि मग घोटाळा सुरू झाला. सकाळी दुकान उघडताना सगळं लख्ख ऐकू यायचं. दोन-तीन डोकी झाली की आवाज कापसात गुंडाळल्यासारखे व्हायचे. दुपारपर्यंत वस्तरा मुका. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईकही मुकं. रात्रभर यंत्रं उशाशी ठेवली की सकाळी पुन्हा ठीक. अप्पांनी हे कुणालाच सांगितलं नाही. झुरळांचं कौतुक अख्ख्या रस्त्याला ऐकवून झालं होतं, आता ती चालत नाहीत हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांनी त्यावर आपला उपाय काढला. दुपारनंतर ते कुणाला बोलूच द्यायचे नाहीत. स्वतःच बोलत सुटायचे. समोरच्याला बोलायला फटच नाही, तर ऐकू येत नाही हे कळणार कसं? गिऱ्हाइकं म्हणायची, तोफ हल्ली फारच खुशीत आहे.

अशाच एका दुपारी खुर्चीत मास्तर होते. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, अप्पांचे जुने मित्र, दर रविवारी पहिल्या खुर्चीवर दाढी करून घेणारे. अप्पा बोलत होते आणि वस्तरा मास्तरांच्या हनुवटीखाली होता. मास्तरांना शिंक आली. "थांब, थांब रे," ते म्हणाले. लेकीला दुसऱ्या खुर्चीपाशी ऐकू आलं, बाकड्यावरच्यांना ऐकू आलं. अप्पांना आलं नाही. मास्तर शिंकले आणि हनुवटीखाली डाव्या बाजूला लाल रेघ उमटली.

जखम मोठी नव्हती. तुरटी लावली, कापूस दाबला, रक्त थांबलं. मास्तर म्हणाले, "अरे काही नाही, वर्गात पोरांनी याहून जास्त रक्त आटवलंय माझं." पण दुकानात कुणी हसलं नाही. लेक पुढे आली, अप्पांच्या हातातून वस्तरा काढून घेतला, मिटला आणि आपल्या खणात टाकला. सगळ्यांसमोर.

"अप्पा, आजपासून वस्तरा माझ्याकडे."

"मी मेल्यावर घे!"

"तोवर कुणीतरी दुसरंच मरेल. हनुवटी होती म्हणून भागलं. गळा असता तर?"

अप्पांनी आवाज चढवला. "ज्या हातानं तुला वस्तरा धरायला शिकवलं, त्या हातातून काढून घेतेस? कानामागून आली आणि तिखट झाली!"

"तिखट तर तिखट," लेक म्हणाली आणि मास्तरांची उरलेली दाढी तिनं पुरी केली. तीही अप्पांचीच लेक होती.

दुसऱ्या दिवशी अप्पा सर्वांच्या आधी दुकानात आले आणि पहिल्या खुर्चीत जाऊन बसले. स्वतः. गिऱ्हाईक आलं तर उठेनात. "ही खुर्ची वस्तऱ्याची आहे. वस्तरा मिळेपर्यंत इथं कुणी बसणार नाही." लेकीनं समजावलं, मास्तरांनी समजावलं, शिंपी येऊन बघून गेला. अप्पा आरशाकडे तोंड करून, हात छातीवर बांधून ढिम्म बसून राहिले. लेक दुसऱ्या खुर्चीवर एकटीच राबत होती, बाकड्यावर गर्दी साचली होती आणि आरशातून सगळ्यांकडे अप्पांच्या मिशा रोखलेल्या होत्या.

बसल्या बसल्या काम एकच, ते म्हणजे ऐकणं. आणि सगळं ऐकू येत होतं. बाकड्यावर दोघं कुजबुजले, "म्हातारा हट्टी आहे." ऐकू आलं. "सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही." तेही आलं. संध्याकाळी दुकान झाडताना लेक स्वतःशीच म्हणाली, "कसं होणार यांचं," तेसुद्धा आलं. अप्पा खुर्चीत ताडकन सरळ झाले. संध्याकाळ झाली होती आणि कान सकाळसारखेच लख्ख होते!

"पोरी! कान बिघडलेले नाहीत!"

"बरं."

"बरं काय? आज मी काम केलं नाही, तर दिवसभर ऐकू आलं. काम करतो त्या दिवशी बंद पडतात. म्हणजे कामात काहीतरी आहे!"

लेकीला ही नवी सबब वाटली. पण निदान खुर्चीतून तरी उठतील म्हणून ती त्यांना पुन्हा कानांच्या बाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी यंत्रं भिंगाखाली धरली. यंत्राच्या डोक्यावर, जिथून आवाज आत जातो तिथं, माइकवर एक बारीक जाळीचं झाकण असतं. बाईंनी अप्पांना भिंगातून दाखवलं. "जाळी कोरडी असली की भोकं काळी दिसतात. ओली असली की भोकात चकचकीत पडदा दिसतो. ओल नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज तिथंच अडतो. तुमच्या जाळीत ओल बसून बसून केसांचा भुगाही चिकटलाय." त्यांनी नवी झाकणं बसवली आणि रात्री यंत्रं ठेवायला एक डबी दिली. तिच्यात ओल शोषणारे निळे दाणे होते, ओल लागली की ते गुलाबी व्हायचे. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पाण्याचा फवारा कानाजवळ येतो का? वाफेचे टॉवेल? घाम फार येतो का? यंत्रं फुंकून साफ करता का?

शेवटच्या प्रश्नावर अप्पा उखडले. "फुंकून? मी काय चूल पेटवतोय?"

"तसं नाही हो. तोंडाची वाफ थेट जाळीत बसते, म्हणून विचारलं. फुंकायचं नाही, कोरड्या ब्रशनं झटकायचं."

"कधीच फुंकत नाही," अप्पा म्हणाले. आणि गंमत अशी की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

घरी डबी बघून बायको म्हणाली, "चला, झुरळांना वेगळी खोली मिळाली. मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली, अजून मिळाली नाही."

लेकीनं मध्यम मार्ग काढला. अप्पांनी कात्री चालवावी, वस्तरा नाही. अप्पांनी पाण्याची फवारा-बाटली लेकीकडे दिली. वाफेच्या डब्याला हात लावणं सोडलं. घाम उतरू नये म्हणून कपाळाला पट्टी बांधली, आणि त्या अवतारात त्यांना बघून शिंपी कुस्ती कधी आहे म्हणून विचारून गेला. एवढं सगळं करूनही दोन डोकी झाली की कापूस. तिसऱ्या डोक्याला वस्तरा तर सोडाच, कात्रीसुद्धा ऐकू येईना.

दुसरा कुणी असता तर हात टेकले असते. अप्पांनी दातओठ खाल्ले. भिंग त्यांच्याकडे नव्हतं, असतं तरी त्यांच्या डोळ्यांना पडदा-बिडदा दिसला नसता. पण ओल ओळखायचा धंदा तर ते जन्मभर करत आले होते. ओल्या मानेवर कापलेला केस चिकटून बसतो, कोरड्या मानेवरून ब्रशनं उडतो. म्हणून तर मानेला पावडर लावतात! अप्पांनी खालून केसाचा एक बारीक तुकडा उचलला, कानामागचं यंत्र काढलं, केस जाळीवर ठेवला, यंत्र उलटं केलं आणि नखानं टिचकी मारली. केस पडला. जाळी कोरडी.

त्यानंतर अप्पांनी झुरळांना सुखानं बसू दिलं नाही. लेकीनं पलीकडे फवारा मारला की टिचकी. वाफेचा डबा उघडला की टिचकी. केस प्रत्येक वेळी पडायचा. एक डोकं पुरं झालं, गिऱ्हाईक उठलं, अप्पांनी पुन्हा केस ठेवला, उलटं केलं, टिचकी मारली. केस हलेना! दुसरी टिचकी. नाहीच. "सापडली!" अप्पा ओरडले. आता तो चिकटलेला केस काढायला म्हणून त्यांनी यंत्र तोंडाजवळ नेलं, ओठांचा चंबू केला आणि फू!

ओठांचा चंबू तसाच राहिला. आरशात अप्पांना एक म्हातारा दिसला, कपाळाला पट्टी बांधलेला, हातात यंत्र, गाल फुगलेले.

अप्पांनी हळूच केसाचा दुसरा तुकडा ठेवून बघितला. तो पहिल्यापेक्षा घट्ट चिकटला. कात्री ठेवताना फू, कंगवा ठेवताना फू, आणि त्याच दमात कानामागची यंत्रं काढून त्यांनाही फू. सुरुवातीला नवलाईची होती तेव्हा नाही, पण हाताला सवयीची झाल्यापासून प्रत्येक गिऱ्हाइकानंतर. तोंडाला सवय अशी की मनाला पत्ताच नाही. कानामागे बसणारी असली तरी अप्पांच्या लेखी ती हत्यारंच होती, आणि हत्यार फुंकल्याशिवाय ठेवायचं नाही.

"मी गाढव आहे!" तोफ कडाडली. समोरच्या चपलांच्या दुकानातही ऐकू गेलं. हो म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

लेक कपाळाला हात लावून उभी होती. "अप्पा, मी रोज बघत होते तुम्हाला फुंकताना. पण मी पण फुंकते ना मशीन. डोळ्यात भरलंच नाही."

"बाईंनी विचारलं होतं. मी म्हटलं, चूल पेटवतोय का!" अप्पांना स्वतःचाच इतका राग आला की दुसऱ्या कुणावर काढायला तो उरला नाही. त्यांनी मानेवरचे केस झटकायचा मऊ ब्रश घेतला, जाळी खाली करून यंत्रं हलकेच झटकली आणि दाण्यांच्या डबीत ठेवली. त्या दिवसापासून दुकानात एक नवाच खेळ सुरू झाला. गिऱ्हाईक उठलं की अप्पांच्या ओठांचा चंबू व्हायचा आणि अख्खं बाकडं एका सुरात ओरडायचं, "अप्पा!" चंबू मागे जायचा, ब्रश पुढे यायचा.

कान आता संध्याकाळपर्यंत टिकू लागले. लेक मधेच, अगदी हळू, त्यांच्या पाठीमागून म्हणायची, "थांबा." अप्पांची कात्री जागच्या जागी थांबायची. एकदाही चुकली नाही. तरी वस्तरा खणातच होता. विचारलं की, "थोडे दिवस, अप्पा." लेकीच्या डोळ्यांपुढून ती लाल रेघ जात नव्हती. आणि मागायचं हे अप्पांच्या रक्तात नव्हतं. आपल्याच दुकानात आपलाच वस्तरा हात पसरून मागायचा? मोडेन पण वाकणार नाही. पण रोज संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांची नजर त्या खणावरून जायची. पहिली खुर्ची आपली राहिली, पण ती अर्धीच राहिली, असं त्यांना वाटायचं.

रविवारी मास्तर आले आणि सरळ पहिल्या खुर्चीत बसले. "दाढी. तोफेकडूनच."

"मास्तर, मी करते ना," लेक म्हणाली.

"तुझ्याकडून काय, ज्याला त्याला मिळते. याच्याकडून करून घ्यायला हिंमत लागते."

बाकडं हसलं. अप्पा हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात काही वेगळंच शिजत होतं. "पोरी," ते म्हणाले, "तूच कर. मी तिकडं भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. तुझा वस्तरा कुठं चुकला ते मी न बघता सांगेन. सांगितलं तर वस्तरा माझा. नाही सांगितलं तर कात्रीसुद्धा तुझी. मी घरी बसेन."

"अप्पा, असं नका बोलू."

"बोललो!"

आता खरं सांगायचं तर अप्पांच्या मनात थोडी खोट होती. सगळ्यांसमोर तिनं वस्तरा काढून घेतला होता, तर सगळ्यांसमोर तिची चूक काढायची त्यांना घाई झाली होती. इथं खरवडलंस, इथं फेस वाळवलास, सगळं मोठ्यांदा. ते भिंतीकडे वळले. समोर मामांचा पट्टा लटकत होता. मागे ब्रश कपात फिरला, फेस लागला, खण उघडला, वस्तरा उघडला. अप्पांनी डोळे मिटले.

चुरचुर. चुरचुर. उजव्या कल्ल्यापासून खाली, जबड्याच्या वळणावर जरा हळू, मग परत वर. कुठं खरवड नाही. अप्पा वाट बघत राहिले. वरच्या ओठापाशी तरी पातं उभं होईल. सगळ्यांचं होतं, मामांचंही व्हायचं. झालं नाही. गालावर, गळ्यावर, एकसारखी बारीक चुरचुर, घाई नाही की भीती नाही. आणि मग अप्पांच्या लक्षात आलं की लेकीचा वस्तरा ते आयुष्यात पहिल्यांदाच कान देऊन ऐकत होते. तिला शिकवलं तेव्हा कान नव्हते. कान आले तेव्हा आपलाच वस्तरा ऐकण्यात दंग होतो. पोरीचा हात असा बोलतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. छाती इतकी भरून आली की भिंतीला हात टेकावा लागला.

मागे बाकड्यावर चुळबुळ सुरू झाली. दाढी संपत आली होती आणि तोफेतून एक शब्द निघाला नव्हता. कुणीतरी म्हणालं, "ऐकू येत नाही वाटतं." ऐकू आलं. लेकीचा वस्तरा थांबला. ती अगदी हळू, जवळजवळ रडवेल्या आवाजात म्हणाली, "अप्पा, येतंय ना ऐकू?"

"येतंय."

"मग काहीतरी बोला ना!"

"काय बोलू? चुकतच नाहीयेस, तर चूक काय माझ्या खिशातून काढू?"

ही अट हरल्याची कबुलीच होती, आणि सगळ्यांना ती कळली. अप्पा अजून भिंतीकडेच तोंड करून होते. मग ते म्हणाले, आणि तोफेचा आवाज पहिल्यांदाच त्या दुकानात खाली आला, "एक जागा आहे. हनुवटीच्या खाली, डावीकडे. तिथं तुझा वस्तरा गप्प झाला. दोनदा गेलीस आणि दोनदा हात उचललास. तिथं मी केलेली खूण आहे, म्हणून घाबरलीस."

मास्तरांनी हनुवटीखाली बोट लावलं. बोटाला फेस लागला. सगळी दाढी गुळगुळीत आणि तेवढ्याच जागी, जुन्या रेघेभोवती, खुंट तसेच होते.

लेकीनं वस्तरा पुसला आणि मूठ पुढे करून अप्पांपुढे धरला. "घ्या. तुमची जागा तुम्हीच करा."

अप्पांनी आधी कानामागची यंत्रं काढली, केसाचा तुकडा ठेवला, उलटं करून टिचकी मारली. पडला. दुसऱ्यावरूनही पडला. यंत्रं परत लावली. मग बोटानं मास्तरांची कातडी ताणून त्या रेघेभोवतीचे खुंट उतरवले, चुरचुर, चुरचुर. मधेच मास्तर खट्याळपणे, ओठ न हलवता पुटपुटले, "थांब." वस्तरा थांबला.

"मास्तर," अप्पा म्हणाले, "पुन्हा थट्टा केलीत तर दुसरी बाजूही रंगवीन."

गर्दी ओसरल्यावर अप्पा पहिल्या खुर्चीत बसले. या वेळी अडवून धरायला नाही. "पोरी, माझी दाढी कर." लेक बघतच राहिली. मामा गेल्यापासून अप्पांच्या गालाला दुसऱ्या कुणाचा वस्तरा लागला नव्हता. इतका विश्वास त्यांनी कुणावर टाकलाच नव्हता.

"यंत्रं काढू?"

"काढायची नाहीत. ऐकायचंय मला."

तिनं फेस लावला, वस्तरा टेकवला. आता ती चुरचुर गालावरून थेट कानात येत होती. अप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. मिशांच्या टोकाला फेस होता, त्यात थोडं पाणी मिसळलं. या वेळी त्यांनी साबणाला दोष दिला नाही. शेवटी तिनं कात्रीनं कानामागचे चार केस सारखे केले, कात्री खाली ठेवली, खाली वाकली, बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि ओठांचा चंबू केला.

"फुंकू नकोस!"

समोरच्या चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं.